गजपती, अश्वपती, नरपती : सोलापूर ते हंपी, पदव्यांच्या मागावर

जानेवारीत आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच आवाज होता. पोरगा सातवीत आहे, शिवजयंतीला शाळेत गारद, म्हणजे महाराजांच्या पदव्यांची ललकारी, म्हणायचा मान यंदा त्याला मिळालेला, त्यामुळे आंघोळ करताना, दूध पिताना, सायकल पुसताना "गडपती, गजअश्वपती, भूपती, प्रजापती" चालूच. एका रात्री जेवता जेवता मधेच थांबला आणि म्हणाला, आई, गजअश्वपती म्हणजे महाराजांकडे हत्ती जास्त होते का घोडे? आणि मग गडपती पहिलं का म्हणायचं?

मी इतिहास घेऊन बीए केलं, नंतर बँकेत लागले, पण ताम्रपट शिलालेख वाचायची आवड काही गेली नाही. तर मी त्याला सांगायला लागले की बाळा हे शब्द फार जुने आहेत, महाराजांच्याही आधी पाचशे-सहाशे वर्षं राजे लोक अश्वपती गजपती नरपती असं लावत होते, आणि ते नुसते कौतुकाचे शब्द नाहीत, त्यात त्या राजाचं सैन्य लपलेलं असतं. पण भात गार झाला तरी माझं बोलणं संपेना आणि त्याच्या डोळ्यात काही उमटेना. सासरे, म्हणजे आमचे अप्पा, शांतपणे ऐकत होते, ते म्हणाले, सांगून काय होतंय, दाखव की त्याला, विजयनगरची राजधानी हंपी काय लांब आहे. २६ जानेवारीला जोडून सुट्टी होती. झालं, ठरलं.

सोलापूरहून हंपी म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास, विजापूर, आलमट्टी, इलकल, कुष्टगी करत होस्पेट, सरळ हायवे. पहाटे पाचला निघालो. नवरा गाडीवर, पुढे अप्पा, मागे आम्ही दोघं आणि मधे कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असा सोलापुरी डबा. अप्पांना बरोबर घ्यायचं खरं कारण वेगळं होतं. अप्पांची आईकडची भाषा कानडी. सोलापुरात हे घरोघर आहे, बाहेर मराठी आणि चुलीपाशी कानडी, आणि विजयनगरच्या राजांच्या पदव्या निम्म्या संस्कृत आणि निम्म्या कानडी आहेत. मला संस्कृतचा अर्धा भाग कळतो, कानडीच्या अर्ध्यासाठी अप्पा.

पहिला मुक्काम विजापूर, आता विजयपुरा म्हणतात. गोलघुमट सगळेच बघतात, आम्ही आधी शेरझा बुरुजावर गेलो, मलिक-ए-मैदान तोफ बघायला. पंचधातूची, साधारण साडेचार मीटर लांब, वजन पंचावन्न टनांच्या आसपास. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रुमी या कारागिराने ओतली, म्हणजे आपल्या नगरची तोफ आहे ही, निजामशाहीची. नंतर परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. हात लावला की उन्हातसुद्धा गार लागते.

पण मला पोराला तिचं तोंड दाखवायचं होतं. तोंड सिंहाचं आहे, जबडा उघडलेला, आणि त्या जबड्यात दातांच्या मधे एक हत्ती चिरडलेला कोरलाय. छोटासा आहे, लक्ष नाही दिलं तर दिसत नाही. पोरानं बोट लावून बघितला आणि म्हणाला, आई हत्ती मेलाय. मी म्हटलं, हो, आता हे लक्षात ठेव, कारण आपण आता हत्ती बाळगणाऱ्या राजांकडे चाललोय आणि ही तोफ त्यांच्या शेवटच्या काळातली गोष्ट आहे. मलिक-ए-मैदान म्हणजे मैदानाचा धनी. ही पण पदवीच की, फक्त ती माणसाला न देता तोफेला दिलीय. सोळाव्या शतकाच्या मध्यात दख्खनमधे मैदान कुणाच्या हातात गेलं होतं ते त्या एका नावात आहे असं मला तिथे उभं राहून फार वाटलं. त्याच तोफेवर औरंगजेबानंही १६८६ च्या विजापूर विजयाचा लेख कोरून घेतलाय, म्हणजे शहर घेतल्यावर मैदानाच्या धन्यावर आपलं नाव घालावं असं आलमगीरालाही वाटलं.

विजापूर सोडल्यावर गाडीत मी पोराला मूळ हिशोब सांगितला. आपल्याकडे जुन्या काळी मोठ्या राजांचे तीन प्रकार मानायचे. ज्याचं बळ घोडदळात तो अश्वपती, ज्याचं हत्तींत तो गजपती, ज्याचं पायदळात, माणसांत, तो नरपती. उत्तरेकडचे दिल्लीचे राज्यकर्ते अश्वपती, कारण मध्य आशियाचे घोडे त्यांच्या दारात. ओडिशाचे राजे गजपती, कारण तिथली जंगलं हत्तींची. आणि दक्षिणेत विजयनगरचा राजा नरपती. हे इतकं मुरलेलं होतं की अकबराच्या दरबारात गंजिफाचे जे पत्ते खेळायचे, त्यांचं वर्णन अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत केलंय, त्यात एका रंगाचा राजा अश्वपती, दिल्लीच्या बादशहासारखा घोड्यावर, दुसऱ्याचा गजपती, ओरिसाच्या राजासारखा हत्तीवर, तिसऱ्याचा नरपती, आणि तिथे उदाहरण दिलंय विजापूरच्या राजाचं! म्हणजे विजयनगर पडल्यावर त्याची जागा पत्त्यात सुद्धा विजापूरकडे गेली. आणि चौथा रंग कुठला सांगू? गडपती. किल्ल्यावर सिंहासन मांडून बसलेला राजा. पोरगा एकदम ताठ बसला. गारदेतला शब्द अकबराच्या पत्त्यात निघाला याचं त्याला जे काही वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, मला तर तेवढ्यावरच ट्रिप वसूल झाली. (सावंतवाडीला अजून गंजिफा हाताने रंगवतात, तिथल्या दशावतारी असतात बहुतेक. कोकणात गेलात तर राजवाड्यात जाऊन नक्की बघा.)

अप्पा म्हणाले, अगं पण ज्याच्याकडे तिन्ही असतील त्याचं काय? हा प्रश्न बाराव्या शतकात कनौज-काशीच्या गाहडवाल राजांनाही पडला असणार, कारण गोविंदचंद्राच्या ताम्रपटांत पदवी येते "अश्वपति गजपति नरपति राजत्रयाधिपति", म्हणजे तिघांचाही वरचा. त्याच्या आधी त्रिपुरीचे कलचुरी राजेही हीच लावत होते. पुढे गोविंदचंद्राचा नातू जयचंद्र, त्याच्या ताम्रपटातही हीच लांबलचक पदवी जशीच्या तशी आहे, आणि तोच जयचंद्र ११९४ मध्ये चंदावरला मुहम्मद घुरीच्या घोडदळापुढे हरला, हत्तीवरून लढताना बाण लागून पडला असं फारसी तवारिखांत आहे. पदवी आजोबांच्या सैन्यावर मिळालेली आणि लढाई नातवाच्या सैन्यानं केलेली, मधे घोडे बदलले होते, धनुष्यं बदलली होती, पण ताम्रपट लिहिणारा तेच वाक्य उतरवत राहिला.

आलमट्टीच्या अलीकडे-पलीकडे कृष्णा ओलांडली की मी नेहमी पूर्वेकडे बघते. नदीच्या त्या अंगाला तालिकोट, राक्षसगी-तंगडगी ही गावं. तालिकोटची लढाई झाली २३ जानेवारी १५६५ ला, म्हणजे आम्ही गेलो त्याच आठवड्यातली तारीख. त्यावर पुढे येतेच.

इलकलला थांबलो, साडी घेतल्याशिवाय मला कोणी पुढे नेणार नव्हतंच, टोपे तेनी पदराची घेतली. बाकी रस्ता कंटाळवाणा आहे, सूर्यफूल आणि कापूस आणि ट्रक. दुपारी होस्पेट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विरूपाक्षाच्या देवळात. रंगमंडपापाशी विजयनगरच्या कृष्णदेवरायाचा शिलालेख उभा आहे, १५१० सालचा, राज्याभिषेकाच्या निमित्ताने त्यानं हा मंडप आणि पुढचं गोपुर बांधलं, देवाला गाव दिलं, ते सगळं त्यात आहे, संस्कृत आणि कानडीत. जुनी अक्षरं अप्पांना लागेनात, आजचं कानडी वाचणाऱ्याला ती लागत नाहीतच, मग मी मोबाईलमधे उतरवून आणलेला मजकूर मोठ्यानं वाचला. राजाधिराज, राजपरमेश्वर, मूरुरायरगंड, परराय भयंकर, हिंदुराय सुरत्राण, दुष्टशार्दूलमर्दन.

मूरुरायरगंड म्हटल्यावर अप्पा हसले. मूरु म्हणजे तीन, रायर म्हणजे राजांचा, आणि गंड म्हणजे? कानडीत गंड म्हणजे नवरा, म्हणाले, आणि गंड म्हणजे मर्द गडी पण, वरचढ. तीन राजांच्या वरचा मर्द. पोरगा विचारतो कुठले तीन? एक अर्थ चेर, चोळ, पांड्य असा लावतात, आणि दुसरा अर्थ तोच आपला गाडीतला, अश्वपती गजपती नरपती. मला स्वतःला कृष्णदेवरायाच्या बाबतीत दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण त्याचं सगळं आयुष्य एका बाजूला गजपतीशी आणि दुसऱ्या बाजूला अश्वपतींशी म्हणजे सुलतानांशी लढण्यात गेलं.

अजून एक पदवी आहे, ही त्याच्या फार आधीची, विजयनगर स्थापणाऱ्या पहिल्या हरिहर-बुक्कांची, "भाषेगे तप्पुव रायर गंड". अप्पांनी ती दोनदा म्हणवून घेतली. भाषे म्हणजे इथे दिलेला शब्द, वचन. तप्पुव म्हणजे चुकणारा. शब्दाला चुकणाऱ्या राजांचा गंड, म्हणजे शब्द फिरवणाऱ्यांना वठणीवर आणणारा. अप्पांना ही पदवी फार आवडली, दिवसभर तोंडात होती. म्हणाले, हत्ती-घोड्यांपेक्षा ही मोठी.

आणि हिंदुराय सुरत्राण. यावर पोराशी फार बोलले मी. सुरत्राण म्हणजे सुलतान, शब्द संस्कृत करून घेतलेला, आणि करताना त्याला नवीन अर्थ पण दिला, सुर म्हणजे देव, देवांचं रक्षण करणारा. हिंदू राजांमधला सुलतान. चौदाव्या शतकात, बुक्काच्या वेळेपासून ही पदवी येते. बघा ना, त्या काळी दख्खनमधे ताकदीचं माप सुलतान हे होतं, मोठं घोडदळ, शिस्तीचं सैन्य, थेट सत्ता, आणि विजयनगरच्या राजांनी ते माप ओळखून आपल्या नावापुढे लावलं. काही लोकांना ही पदवी खटकते, मला नाही खटकत, मला त्यात डोळस राजे दिसतात, समोरच्याकडे काय आहे ते नीट बघणारे. सुरुवातीला याच घराण्याची पदवी फक्त महामंडलेश्वर होती, म्हणजे मांडलिकाच्या दर्जाची, आणि सोबत पूर्वपश्चिमसमुद्राधीश्वर, दोन्ही समुद्रांचा धनी. राजाधिराज वगैरे दुसऱ्या हरिहरापासून म्हणजे १३७७ नंतर पक्कं झालं. म्हणजे आधी समुद्र हातात घेतला, मुकुट नंतर.

समुद्र का, ते हजारराम मंदिराच्या भिंतीवर कळतं. हंपीत एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ही भिंत बघा असं मी म्हणेन, विठ्ठल मंदिराचा रथ सगळे बघतात, फोटो काढतात, आणि इथे दहा मिनिटांत बाहेर पडतात. बाहेरच्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या, भिंतीवर आडव्या रांगा कोरल्यात. सगळ्यात खाली हत्ती, एकामागे एक. त्याच्या वर घोडे, लगाम धरलेले मोतद्दार बरोबर. त्याच्या वर सैनिक. मग नाचणाऱ्या बायका, आणि वर बाळकृष्णाच्या लीला. पोरगा खालून बोट फिरवत गेला, गज, अश्व, नर, आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, त्याचं त्यालाच दिसलं होतं.

तर घोडे. चांगला लढाऊ घोडा दक्षिणेत पैदा होत नाही, हवा मानवत नाही, तो यायचा होर्मुझहून, अरबस्तानातून, गलबतांतून, भटकळ, गोवा अशा बंदरांत. फर्नाव नुनीझ नावाचा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी १५३५ च्या सुमाराला इथे होता, तो लिहितो की राजा दरवर्षी तेरा हजार घोडे विकत घेतो, होर्मुझचे आणि देशी मिळून, चांगले स्वतःच्या पागेत ठेवतो आणि बाकी सरदारांना देतो. त्यानंच साळुव नरसिंहाबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी पहिल्यांदा थक्क झाले होते, की हा राजा घोडे मेलेले असोत की जिवंत, हजार परदावला (परदाव म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) तीन या भावानं घ्यायचा, समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी व्यापाऱ्याला पूर्ण पैसे. म्हणजे तोटा माझा, पण पुढच्या वर्षी तू परत ये आणि दुसऱ्या कुणाकडे जाऊ नको. गोव्याचं महत्त्व यात आहे. बहमनी आणि विजयनगर गोव्यासाठी शंभर वर्षं का भांडत होते आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं गोवा घेतल्यावर होर्मुझच्या घोड्यांची गलबतं आपल्याच बंदरात यावीत म्हणून एवढी धडपड का केली, तर ज्याच्या हातात गोवा त्याच्या हातात दख्खनच्या सगळ्या अश्वपतींचा लगाम. आपण गोव्याला जातो तेव्हा जुन्या गोव्याची चर्च बघतो, पण मांडवीच्या काठावर उतरलेले ते खारट वाऱ्यानं बेजार घोडे, ज्यांच्यासाठी राज्यं खालीवर झाली, त्यांची आठवण कोणी काढत नाही.

तिथून महानवमी दिब्बा चालत पाच-सात मिनिटं. दगडी चौथरा, एकावर एक टप्पे, वर चढलं की सगळी राजधानी दिसते. खालच्या टप्प्यांवर शिकारी, हत्ती, उंट, घोडे, आणि टोप्या घातलेली परदेशी माणसं. नवरात्रात राजा इथे बसून सैन्याची पाहणी करायचा. १४४३ मध्ये अब्दुर रझाक हा हेरातचा वकील इथे होता, तो हजार हत्ती एका जागी बघितल्याचं लिहितो. ऐंशी वर्षांनी दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी आला, त्यानंही ही पाहणी बघितली, राजाकडे दहा लाख फौज आणि त्यात चिलखत घातलेले पस्तीस हजार घोडेस्वार असं त्याचं म्हणणं. आकडे फुगलेले असतील, पण नुनीझनं १५२० च्या रायचूरच्या मोहिमेची जी सरदारवार यादी दिलीय तिची बेरीज सात लाख तीन हजार पायदळ, बत्तीस हजार सहाशे घोडे आणि पाचशे एक्कावन्न हत्ती अशी होते. पोराला मोबाईलवर भागाकार करायला लावला. एका घोड्यामागे एकवीस-बावीस माणसं. आकडा निम्मा करा, पाव करा, प्रमाण तेच राहतं. नरपती ही पदवी कुणी उगाच नाही दिली. इतका पैसा ओतून, समुद्र धरून, मेलेल्या घोड्यांचे सुद्धा पैसे देऊनही तो शेवटी माणसांचाच राजा होता.

आणि विजयनगरच्या राजांना हे कळत होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसरा देवराय, १४२४ ते १४४६, त्याची पदवी गजबेटेगार, अप्पा लगेच म्हणाले, बेटे म्हणजे शिकार, हत्तींची शिकार करणारा. हत्तींच्या राजांची शिकार असाही अर्थ घेतात. त्याच्या नाण्यावर हत्ती आहे. पण याच देवरायानं बहमनींकडून मार खाल्ल्यावर दरबारात विचार केला की ते का जिंकतात, आणि उत्तर निघालं, त्यांचे घोडे चांगले आणि त्यांचे तिरंदाज चांगले. मग त्यानं मुसलमान घोडेस्वार आणि तिरंदाज चाकरीला घेतले, त्यांना जहागिरी दिल्या, आणि फिरिश्ता हा फारसी इतिहासकार लिहितो की त्यांना मुजरा करताना अडचण वाटू नये म्हणून सिंहासनापुढे कुराण ठेवलं. त्यातल्या अहमदखान नावाच्या सरदारानं १४३९ मध्ये देवरायाला पुण्य लाभावं म्हणून इथे एक धर्मशाळा बांधली, ती इमारत कमलापूरहून तलारीगट्टाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला अजून उभी आहे, मशिदीसारखी, दगडी खांबांची. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती आणि दुसरं कोणी नव्हतं. अप्पा तिच्याशी कानडीत बराच वेळ बोलत बसले, मी खांब बघत बसले. पदवीत हत्तींचा शिकारी आणि सैन्यात तुर्की घोडेस्वार, एकाच राजाच्या या दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवल्या की तो राजा खरा वाटायला लागतो.

गजशाळा शेवटी बघितली, अकरा घुमटी खण, प्रत्येक घुमट थोडा वेगळा. पोरानं तिथे शंभर फोटो काढले. मला मात्र त्याआधी बघितलेलं कृष्ण मंदिर मनातून जात नव्हतं. कृष्णदेवरायानं गजपती प्रतापरुद्राचा उदयगिरीचा किल्ला जवळजवळ वर्ष-दीड वर्ष वेढा घालून घेतला आणि तिथला बाळकृष्ण इथे आणून हे देऊळ बांधलं, १५१५ चा लेख आहे. गोपुराच्या आतल्या अंगाला चुन्याचे सैनिक, ढाली, घोडे अजून थोडेफार शिल्लक आहेत. मूर्ती आता चेन्नईच्या म्युझियममधे आहे, गाभारा रिकामा. त्या गजपतींची पदवी काय होती माहितीये? प्रतापरुद्राचे आजोबा कपिलेंद्रदेव, त्यांनी लावली, "गजपती गौडेश्वर नवकोटी कर्णाट कलबर्गेश्वर". गौड म्हणजे बंगाल, कर्णाट म्हणजे हेच विजयनगर, आणि कलबर्गा म्हणजे आमच्या सोलापूरच्या शेजारची कलबुर्गी! ओडिशाच्या राजाच्या नावात आमची शेजारीण. कपिलेंद्राचं सैन्य खरंच कावेरीपर्यंत उतरलं होतं त्यामुळे पदवी पोकळ नव्हती तेव्हा, पण पन्नास वर्षांत कर्णाटाच्याच राजानं येऊन त्याच्या नातवाचे किल्ले घेतले, मुलगी लग्नात घेतली, आणि पदवी तशीच राहिली. अजूनही राहिलीय. पुरीचे गजपती महाराज आजही ही पदवी धारण करतात आणि रथयात्रेला सोन्याच्या केरसुणीनं जगन्नाथाचा रथ झाडतात. सैन्य गेलं, किल्ले गेले, कलबुर्गी तर कधीच गेली, आणि त्या पदवीचा माणूस हातात झाडू घेऊन देवापुढे उभा आहे, हे मला काही केल्या वाईट वाटत नाही, उलट भरून येतं.

रात्री होस्पेटच्या हॉटेलात झोप येईना. डोक्यात आपलं देवगिरी फिरत होतं. यादवांच्या पदव्या काय थोड्या आहेत, द्वारावतीपुरवराधीश्वर, प्रौढप्रतापचक्रवर्ती. हो, गारदेतलं प्रौढप्रताप तिथेही आहे. त्या प्रौढप्रतापचक्रवर्ती रामदेवरायाकडे १२९६ मध्ये अल्लाउद्दीन काही हजार घोडेस्वार घेऊन आला तेव्हा मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होतं, आणि सांगतात की घाईघाईत किल्ल्यात नेलेली पोती धान्याची समजली ती मिठाची निघाली. पुढे १३०८ ला मलिक काफूर रामदेवरायाला धरून दिल्लीला घेऊन गेला, तिथे सुलतानानं त्याला मानानं वागवलं, "रायरायान" अशी पदवी दिली, आणि छत्र दिलं. छत्र दिलं! दुसऱ्यानं दिलेलं छत्र डोक्यावर घेऊन महाराष्ट्राचा राजा परत आला. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं. रामदेवरायाला मी दोष देत नाही, त्याच्या जागी दुसरं काय करणार, राज्य तरी राहिलं त्याच्या हयातीत. पण त्यानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी ६ जून १६७४ ला रायगडावर जे छत्र धरलं गेलं ते कुणी दिलेलं नव्हतं, आणि छत्रपती या शब्दाकडे मी तेव्हापासून असं बघते. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, सगळ्यात सैन्य आहे. छत्रपतीत सैन्य नाही, त्यात फक्त डोक्यावर दुसरा कोणी नाही एवढंच आहे.

परत येताना कृष्णेच्या पुलाजवळ गाडी थोडी बाजूला घेतली. तालिकोटच्या लढाईचं पोराला तिथेच सांगितलं. एका बाजूला विजयनगरचा रामराया, पालखीत बसून लढाई चालवणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बिदर एकत्र. मधल्या फळीत नगरच्या हुसेन निजामशहाचा तोफखाना, आणि फिरिश्ता लिहितो की गर्दी जवळ आल्यावर तोफांत तांब्याचे पैसे भरून उडवले. रामराया धरला गेला, निजामशहाच्या हुकमानं मारला गेला, आणि त्याच दिवसात एवढी मोठी माणसांची फौज विरून गेली. नंतर हंपी कित्येक महिने लुटली जात होती. पोरगा गप्प होता, मग म्हणाला, म्हणून त्या तोफेच्या तोंडात हत्ती आहे का. तोफ लढाईच्या सोळा वर्षं आधीची आहे, त्यामुळे तसं म्हणता येणार नाही, पण ओतणाऱ्याच्या मनात काय होतं ते दिसतंच की. अप्पा म्हणाले, आणि म्हणूनच महाराज मैदानात उभे राहिले नाहीत, डोंगरावर गेले. गडपती पहिलं का, त्याचं उत्तर अप्पांनी एका वाक्यात दिलं आणि मी तीन दिवस बोलत होते.

घरी आल्यावर अप्पांनी देवघरातला पितळी डबा काढला. त्यात सासूबाईंच्या वेळच्या तीन शिवराया आहेत, काळ्या पडलेल्या, पूजेतल्या. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्र वर आणि पति खाली, बाकी काही नाही, ना भयंकर ना मर्दन ना समुद्र. ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे अक्षरं कडेनं कापली जातात, एकीवर फक्त "पति" उमटलंय. पोरानं ती चिंचेनं घासली, उजेडात धरली, वरच्या कडेला छ चा एक वळसा दिसतोय का ते बराच वेळ बघत होता. मग ती खिशात घालून गारद म्हणायला गच्चीवर गेला.